घडीची होडी

मराठी समीक्षेत ‘सांगड’ हा शब्द जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा तो गोदावरीच्या काठी तरी उच्चारला गेला असेल की नाही, शंकाच आहे. साहित्य आणि समाज यांची सांगड, परंपरा आणि नवता यांची सांगड, आशय आणि अभिव्यक्ती यांची सांगड. प्रश्नपत्रिका काढताना प्रस्तुत लेखकद्वयानेही ती अनेकदा घातली आहे. सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू. सुके भोपळे वा ओंडके एकमेकांना बांधायचे आणि त्या जोडणीच्या आधाराने नदी पार करायची, ती सांगड. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायानदीचे जे दीर्घ रूपक येते, त्यात नदी तरून जाण्याची अशी किती तरी साधने आहेत. तारू आहे, तरांडे आहे, कास धरणे आहे. इ.स. १२९० मध्ये प्रवरेच्या काठी, नेवाशाला, ज्या श्रोत्यांसमोर हे रूपक मांडले गेले, त्यांना यातला एकही शब्द समजावून सांगावा लागला नसणार. आम्हाला मात्र तो अध्याय शिकवताना फळ्यावर चित्र काढावे लागते, आणि ते चित्रही आम्ही दुसऱ्या चित्रावरून काढतो.

पाण्याविषयीचे आमचे ज्ञान असे वाचीव आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, दोघांचे एम.ए. याच शहरातले, संसार शहागंजात. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाचा पाण्याशी संबंध मुख्यतः टाकी, मोटर आणि ‘आज येणार का?’ या प्रश्नापुरता असतो. अशा घरात गेल्या वर्षी दिवाळीनंतर होडी आली. ती दोन पिशव्यांतून आली, हे विशेष. जर्मनीतली नोकरी संपवून परतलेल्या भाच्याला बंगळुरूच्या सदनिकेत ठेवायला जागा नव्हती; ‘मामा, तुमच्याकडे गच्ची आहे’ एवढ्या युक्तिवादावर त्याने ती आमच्याकडे लोटली. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून पिशव्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून हातगाडीवर आणल्या. गाडीवाल्याने विचारले, ‘तंबू है क्या सर?’ भाचा म्हणाला, ‘नहीं चाचा, कश्ती है.’ त्यावर चाचांनी एकदा पिशव्यांकडे आणि एकदा भर बाजाराकडे पाहिले व काहीच न बोलता गाडी ढकलली. आम्हाला त्यांचे मौन पटले.

होडी म्हणजे कयाक, तीही घडीची. घडीची खुर्ची, घडीची छत्री म्हणतो तशी घडीची होडी. क्लेपर कंपनीची ‘एरियस’ नावाची, दोन माणसांची, लांबी सुमारे ५.२ मीटर. एका पिशवीत लाकडी सांगाड्याचे भाग, दुसरीत कातडी. कातडी म्हणायचे ते सवयीने. खालचा भाग रबरी थराच्या जाड कापडाचा आणि वरचा सुती कॅनव्हासचा असतो. सांगाड्याच्या लांब काठ्या ॲश नावाच्या युरोपी झाडाच्या आणि आडव्या फासळ्या बर्चच्या. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातले झाड, हे कळल्यावर आमच्यातल्या हस्तलिखितवाल्याला उगीच आनंद झाला. भूर्जपत्रावर लिहिले जाते हे शिकवले होते; भूर्जात बसून पाण्यावर जाता येते हे नवे होते.

होडी घरात, पाणी नाही, आणि पेशा वाचण्याचा. तेव्हा हिवाळ्याचे दोन महिने आम्ही वल्हवण्याविषयी वाचले. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे त्यात बरेच निघाले.

पहिली अडचण शब्दाचीच. इंग्रजीत ‘रो’ आणि ‘पॅडल’ या दोन क्रिया आहेत. मराठीत दोन्हींना वल्हवणेच. फरक मात्र मोठा आहे. पहिलीत वल्हे होडीच्या काठाला अडकवलेले असते आणि वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. दुसरीत वल्हे दोन्ही हातांत मोकळे असते, होडीला कुठेही जोडलेले नसते, आणि माणूस पुढे बघत बसतो. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एक पाण्यात तर दुसरे हवेत. पुस्तके आवर्जून सांगतात की दंडाच्या जोराने वल्हवू नका, कमरेपासून धड फिरवा, पाय आतल्या टेकणांवर रोवा, पाण्यातल्या हाताने ओढण्यापेक्षा वरच्या हाताने ढकला. हे वाक्य आम्ही सहा-सात पुस्तकांत सहा-सात रीतींनी वाचले. समजले, असे वाटले.

दुसरे म्हणजे कुळकथा. कयाक हा शब्द आणि वस्तू दोन्ही उत्तर ध्रुवाजवळच्या लोकांची. ग्रीनलंडमध्ये झाडे जवळजवळ नाहीत. तेव्हा समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा, खिळे न मारता तो चामड्याच्या वाद्यांनी बांधायचा आणि त्यावर सीलच्या कातड्याची खोळ चढवायची. कातडे शिवायचे काम बायकांचे. टाका असा की त्यातून पाणी झिरपू नये. होडी माणसाच्या मापाने बेतलेली असे, अंगरखा बेततात तशी. बांधणी वाद्यांची असल्यामुळे लाटेबरोबर सांगाडा किंचित वाकतो आणि म्हणूनच मोडत नाही. हे वाचून कोकण-गोव्याकडच्या रापणीच्या होड्या आठवल्या; त्यांच्याही फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. नानसेन १८९५-९६ मध्ये उत्तर ध्रुवाच्या बर्फावरून परतला, तेव्हा त्याच्या कयाकचा सांगाडा तर चक्क बांबूचा होता आणि वर शिडाचे कापड ओढलेले होते. बांबू आणि कापड! आपल्याकडे एवढ्या साहित्यात मंडप उभा राहतो.

घडीची होडी ही या कयाकची शहरी नात. म्यूनिकमध्ये वास्तुशास्त्र शिकणाऱ्या आल्फ्रेड हॉयरिखने १९०५ मध्ये सुटी होणारी होडी करून इझार नदीत चालवली. दोन वर्षांनी रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने तिचे हक्क घेतले. शिंप्याने, हे लक्षात घ्यावे. सुताराच्या हाती ती होडी गेली असती तर कदाचित ती घडीची राहिली नसती. आगगाडीत सामान म्हणून नेता येते, घरात कपाटाशेजारी ठेवता येते, म्हणून ज्यांच्याकडे ना नदीकाठी घर ना होडी ठेवायला धक्का, अशा शहरी लोकांत ती पसरली. नदी आपल्या दारी नसली तरी आपण तिच्या दारी जावे, अशी तिची कल्पना.

या होड्यांतून लोकांनी केलेले उद्योग वाचताना मात्र अध्यापकी सावधपणा सुटतो. १९२८ मध्ये फ्रान्झ रोमर नावाच्या जर्मनाने अटलांटिक महासागर पार केला आणि पुढच्याच प्रवासात वादळात तो कायमचा नाहीसा झाला. १९५६ मध्ये हानेस लिंडेमान या डॉक्टराने आमच्या पिशवीत आहे त्याच जातीच्या होडीतून कॅनरी बेटांपासून कॅरिबियन समुद्रातल्या बेटापर्यंत जाताना ७२ दिवस काढले. निघण्याआधी कित्येक महिने तो काही लहान वाक्ये मनाशी घोकत होता, ती इतकी की भ्रमिष्ट अवस्थेतही ती आपोआप उठावीत. आमच्यातल्या एकीने यावर समासात ‘नामस्मरण’ असे लिहून ठेवले आहे. तुलना थोडी ओढलेली आहे. पण नामाची मातब्बरी सांगणारे संत आणि झोप आली तर मरणार हे जाणणारा हा डॉक्टर, दोघेही मनावर भरवसा न ठेवता जिभेवर ठेवतात, एवढे साम्य खरे.

मनात राहिला तो ओस्कार श्पेक. जर्मनीत मंदी, हाताला काम नाही. १९३२ मध्ये तो उल्म गावाहून घडीची होडी घेऊन डॅन्यूब नदीत उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल, एवढीच अपेक्षा होती. खाणीपेक्षा वल्हवणे बरे वाटले असावे, कारण तो थांबलाच नाही. युफ्रेटिस नदीतून इराणच्या आखातात, तिथून किनाऱ्या-किनाऱ्याने पूर्वेला, मग हिंदुस्थानचा पश्चिम किनारा उतरत १९३५ मध्ये श्रीलंकेला. म्हणजे आपल्या कोकणासमोरून हा माणूस गेला. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्या तरी पुळणीवर त्याने रात्री काढल्या असणार, आणि कुणा कोळ्याने त्या कातडी पोटाच्या होडीकडे पाहून आमच्या हातगाडीवाल्यासारखाच चेहरा केला असणार. सात वर्षांनी, १९३९ च्या सप्टेंबरात, तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या साइबाई बेटावर उतरला. महायुद्ध सुरू झाले होते. पोलिसांनी आधी त्याचे अभिनंदन केले आणि मग शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक केली. युद्ध संपेपर्यंत तो स्थानबद्ध होता.

ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी हळहळतात. तेव्हा हेही सांगावे लागते की त्याच्या होडीवर स्वस्तिकाचे निशाण होते. त्या निशाणाचा अर्थ त्याला किती लागत होता याचा वाद घालता येईल, पण ते फडकत होते. प्रवासवर्णनांचा नायक निरागस असावा अशी आपली अपेक्षा असते आणि वाचनाच्या सोयीसाठी आपण निशाणे उतरवून ठेवतो. आम्हाला ती खटकणारी चिंधी त्याच्या पन्नास हजार किलोमीटरइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्याकडचे म्हणावे तर कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१६-१७ मध्ये मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा कयाकमधून वल्हवून काढला. यांच्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. साहसाचे मराठी म्हणजे सह्याद्रीचे मराठी, अशी एक वाटणी झालेली दिसते. किल्ला चढणाऱ्याची मराठी समृद्ध आहे. वल्हवणाऱ्याची मराठी मोल्सवर्थच्या कोशात आहे; १८५७ ची आवृत्ती उघडा, नाळ, पठाण, उलांडी, तांडेल अशा शब्दांनी पाने भरलेली दिसतील. पठाण म्हणजे होडीचा तळचा कणा. एम.ए.च्या वर्गात हा अर्थ विचारून पाहावा.

आमच्या शहराचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही असे म्हणून चालणार नाही. सुट्या सांगाड्यावर कातडे चढवलेल्या होड्या या मुलखाने पाहिल्या आहेत. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगर घेतल्यावर आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन, उत्तरेकडे निघाला तेव्हा गोदावरी दुथडी भरलेली होती. रानातल्या फोकांच्या टोपल्या विणून त्यांवर बैलांची कातडी मढवून त्याच्या फौजेने होड्या केल्या आणि त्यांतून नदी ओलांडून २९ ऑगस्टला तो तेव्हाच्या औरंगाबादेस पोचला. पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. तिथे केळणा नदीपाशी त्याच्याजवळ होड्या लावायला वेळ नव्हता. वाटाडे म्हणाले, उतार नाही. त्याने पाहिले तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसत होती, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावे अशी समोरासमोर वसलेली असतील तर त्यांची ये-जा असणारच, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. साम्राज्याची वाट अशी दोन गावांतल्या सोयरिकीतून गेली. ‘उतार’ हा शब्द आम्ही तेव्हापासून जरा जपून वापरतो.

जानेवारीत भाचा आला आणि होडी गच्चीवर जोडायचे ठरले. तशा दोन्ही पिशव्या रिकाम्या केल्या की भाग भिववतात, पण रीत सोपी आहे. सांगाडा दोन अर्ध्यांत होतो, पुढचा आणि मागचा. तळच्या काठ्यांत फासळ्या बसवायच्या, प्रत्येक फासळीवर क्रमांक, मग वरच्या काठ्या. दोन्ही अर्धे खोळीत दोन बाजूंनी सरकवायचे, मध्यभागी ते एखाद्या तंबूसारखे उंचावून भिडतात, आणि मग दोन्ही हातांनी दाबून ते सपाट करायचे. त्या दाबासरशी सांगाडा लांब होतो आणि कातडी ताणली जाते. शेवटी काठांतल्या दोन लांब नळ्यांत तोंडाने हवा भरायची. तोवर ढिली, केविलवाणी दिसणारी वस्तू एकदम होडी होते. शेजारच्या गच्च्यांवर प्रेक्षक जमले होते. एका मुलाने विचारले, ‘सर, पाणी कुठंय?’ त्याच्या आईने त्याला आत ओढले.

आमच्यापैकी एकाची आई पायऱ्या चढून वर आली. तिला गुडघ्यांमुळे गच्ची वर्षातून एकदा, वाळवणापुरती. कठड्याशी बसून ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग फासळीवरचा क्रमांक बोटाने चाचपून नातवाला म्हणाली, ‘आमच्या लाकडांवर गेरूनं खुणा केल्या होत्या रं. एक रेघ, दोन रेघा, फुली. नामदेव सुतारानं केल्या होत्या.’

‘कुठल्या लाकडांवर, आजी?’

‘घराच्या.’

तिचे माहेर नाथसागराच्या पोटात आहे. हे आम्हाला अर्थातच ठाऊक होते. घरात तो एक सांगितलेला विषय होता, म्हणजे न बोलला जाणारा. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीची. धरण झाले पैठणला आणि नाव तेवढे तिकडचे राहिले. पाणी चढायच्या आधी गावे उठली. आईचे लग्न होऊन दोनेक वर्षे झाली होती, ती आवराआवरीला माहेरी गेली होती. तिने त्या दिवशी गच्चीवर सांगितले ते असे: माळवदाची माती आधी खाली ओढली, मग सर, मग तुळया, मग खांब, शेवटी चौकटी. लाकूड सागवानी, आजोबांच्या हातचे. ते सोडून जाणे शक्यच नव्हते. बैलगाड्यांवर लादून नव्या जागेवर नेले आणि गेरूच्या खुणा बघून पुन्हा जोडले. भिंती मात्र तिकडेच राहिल्या. भिंती मातीच्या होत्या, माती कोण नेणार? नव्या गावठाणात त्याच सांगाड्याला सिमेंटच्या विटांच्या भिंती आल्या. ‘घर तेच होतं,’ आई म्हणाली, ‘पर उन्हाळ्यात भाजायचं.’

एवढे सगळे तिने आम्हाला गेल्या पंचवीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. धरणग्रस्तांच्या साहित्यावर आमच्यातल्या एकीने निबंध वाचला आहे, चर्चासत्रात, दोन वेळा. त्यात ‘उन्मळून पडणे’, ‘मुळे तुटणे’ अशा झाडाच्या प्रतिमा भरपूर होत्या. आईच्या सांगण्यात झाड नव्हते. सुटे करणे, खुणा करणे, लादणे, जोडणे अशी सुताराची क्रियापदे होती. विस्थापनाचे आपले समीक्षेतले मराठी वनस्पतिशास्त्रातून आले आहे आणि ते फार सोयीचे आहे, कारण झाड बोलत नाही आणि काम करत नाही. माणसे घर उतरवतात, ते काम असते, त्यात एक तुळई चिरली तर दोन दिवस जातात, सुताराला शेर देऊन थांबवावे लागते. हे ऐकल्यावर तो निबंध पुन्हा लिहायला घेतला आहे.

समुद्रावर जाणे फेब्रुवारीत जमले. दापोली तालुक्यात आंजर्ल्याची खाडी आहे, जोग नदीची. साने गुरुजींचे पालगड याच तालुक्यात. श्यामला पोहायला जायला लावणारी आई याच मुलखातली. आम्हा दोघांपैकी एकालाच पोहता येते, तेही विहिरीतले. तारका अंगात घालूनच आम्ही उतरलो. खाडीकाठी एक वृद्ध तांडेल भेटले. त्यांनी होडी दोन बोटांनी टोकरून पाहिली, खालचे रबर दाबले आणि विचारले, ‘मास्तर, आज तिथी कंची?’ चतुर्थी होती. ‘चार पाऊणे तीन. तीनाला पुरी भरती. बाराला भरतीबरोबर आत जावा, साडेतीनाला पाण्याबरोबरच भायेर येवा. उलटं केलंत तर हात तुटतील.’ तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा; अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेची भरती ती उधाणाची, अष्टमीच्या सुमाराची ती भांगाची. पाऊणकीचे पाढे शाळेतून गेले त्याला किती तरी वर्षे झाली. ते कशासाठी होते याचे एक उत्तर त्या काठावर मिळाले. आमच्या पुस्तकांत भरती-ओहोटीवर तक्त्यांसह तीस पाने आहेत.

वल्हवण्याविषयी आता थोडक्यात सांगता येईल. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीला बसतो. कोपर खाली केले की भिजते. होडीत बसण्याची सवय असलेल्यालाही हे वेगळे, आम्हाला तर सगळेच वेगळे. पहिली दहा मिनिटे होडी कुशीवर झुकते आहे असे वाटत राहते, आणि ती झुकतेही, पण एका ठरावीक कोनाशी येऊन थांबते, जणू कुणी खालून हात दिला. काठांतल्या हवेच्या नळ्यांचे ते काम. मग कंबर आपोआप सैल होते. धड फिरवावे लागते म्हणजे काय, ते सहा पुस्तकांनी सांगूनही कळले नव्हते. दुखरे दंड अर्ध्या तासात सांगतात. दोघांची वल्ही एका तालात पडली नाहीत तर पाती एकमेकांवर आपटतात. मागच्याने पुढच्याचा ताल धरायचा असतो, हा नियम. घरात कोण पुढे बसणार यावर जेवढी चर्चा झाली तेवढी विवाहाच्या वेळी झाली नव्हती. शेवटी जिला पोहता येत नाही ती पुढे बसली.

खारफुटीच्या बाजूने आत गेल्यावर वारा पडला. पायांच्या खाली, त्या जाड कापडापलीकडे, पाणी हलताना जाणवत होते. फळीच्या होडीत पाणी बाहेर असते. इथे लहान लाट आली तरी फासळ्या किंचित कुरकुरत आणि सांगाडा लाटेचा आकार घेऊन पुन्हा सरळ होई. आमच्यात बराच वेळ कुणी बोलले नाही. मग पुढून आवाज आला, ‘यावरून माती ओढून काढायची म्हणजे...’ वाक्य पुरे झाले नाही. नंतर कळले, ती माळवदाचा विचार करत होती. साडेतीनला पाणी फिरले आणि आम्ही त्याच्याबरोबर बाहेर आलो. कड्यावरच्या गणपतीची टेकडी उजव्या हाताला होती. तांडेल काठावरच बसून होते. ‘बरी आहे,’ ते होडीविषयी म्हणाले. ‘शिवलेली आहे म्हणून.’

परत आल्यावर भाच्याचा फोन आला, ‘मामा, आता नाथसागर.’ प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे होडी घालायची तर परवानगी हवी, आणि ती हवी हे योग्यच आहे. हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या बदकांचा त्या पाण्यावरचा हक्क सुटीतल्या अध्यापकांपेक्षा जुना आहे. दुसरी गोष्ट जास्त अवघड. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोरा या गावाची बातमी आली होती. धरणाच्या फुगवट्याचे पाणी आडवे येते म्हणून शाळेतली मुले थर्माकोलच्या जाड तुकड्यांवर बसून, हाताने वल्हवत पलीकडच्या शाळेत जात होती. पाण्यात साप असतात म्हणून हातात काठी. ती बातमी आम्ही वर्गात वाचून दाखवली होती. एका विद्यार्थिनीने शांतपणे सांगितले, आमच्याकडे काहील वापरतात; गुळाची काहील, दोन माणसे बसतात, गोल फिरते फार. ती हे आश्चर्य म्हणून सांगत नव्हती.

तेव्हा ज्या पाण्यावर मुले थर्माकोलवरून शाळेत जातात, त्या पाण्यावर जर्मन होडी घेऊन आपण ‘अनुभव घ्यायला’ जावे का, हा प्रश्न आमच्यात चार रविवार चालला. एकाचे म्हणणे, जाऊ नये. काही पाण्यांवर छंद शोभत नाही. दुसरीचे म्हणणे, छंद लाजिरवाणा नाही, पूल नसणे लाजिरवाणे आहे, आणि आपण न गेल्याने पूल होणार नाही. शिवाय ते पाणी सरकारचे, पक्ष्यांचे, शहराच्या नळांचे आहे तसे आईचेही आहे. या वादात दोघांचीही मते अधूनमधून अदलाबदल झाली.

आईला विचारावे असे शेवटी सुचले. २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय मृतसाठ्यावर गेला होता तेव्हा नातवाने तिला गाडीतून काठापर्यंत नेले होते. भेगाळलेल्या गाळात दगडांच्या रांगा दिसत होत्या, घरांची जोती. आपले कुठले ते तिला ओळखता आले नाही. ‘लांबून कसं कळंल?’ ती म्हणाली. पाणी असताना तर काहीच दिसणार नाही, गढूळ असते, वल्ह्याचे पातेसुद्धा हातभर खाली दिसत नाही, हे आम्ही तिला सांगितले. ‘दिसू दे न दिसू दे,’ ती म्हणाली. ‘पिंपळ कुठं होता, शिवना कुठनं यायची, ते मला ठाऊक हाय. अंदाजानं सांगंन. तुम्ही दोघं बसा त्यात, मी काठावरनं हात करीन तसं जावा.’

परवानगीच्या अर्जासाठी आम्ही मसुदा करायला बसलो. मुक्कामाचे ठिकाण, व्यक्तींची संख्या, होडीला इंजिन नाही, कचरा करणार नाही, पक्ष्यांच्या थव्यांपासून दूर राहू, हे सगळे लिहून झाले. मग ‘प्रयोजन’ आले. मम्मटाची सहा काव्यप्रयोजने आम्ही वीस वर्षे शिकवतो आहोत, त्यातले एकही इथे बसेना. ‘जलक्रीडा’ लिहिले तर खोटे, ‘संशोधन’ लिहिले तर त्याहून खोटे. आई निवडायला बसली होती. मेथीची जुडी तिच्या पुढ्यात. तिने वर न बघता म्हटले, ‘माहेरी जायचंय म्हणून लिव्हा की.’

तसे लिहिले आहे. अर्ज मराठीत आहे, एका पानाचा. पाणी चैतापासून उतरू लागते आणि जोती उघडी पडण्याच्या आत जायचे तर पावसाळ्यानंतरचेच दिवस बरे, असे आईचे म्हणणे. तेव्हा दिवाळीच्या सुटीची तारीख टाकली आहे. दरम्यान होडी धुवायची होती. खाऱ्या पाण्याने सांध्यांचे पितळ खराब होते, सांगाडा आणि कातडी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पुरती वाळवल्याशिवाय घडी करायची नाही, असे सगळी पुस्तके बजावतात. किती पाणी लागेल ते कुठल्याच पुस्तकात नाही. आम्हाला अकरा बादल्या लागल्या. त्या आठवड्यात नळाला पाणी आलेले नव्हते, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून पाच घेतल्या. धरणातलेच पाणी ते, पन्नासेक किलोमीटरवरून नळाने आलेले. कातडी दोन दिवस गच्चीवर दोरीला उलटी टांगली होती. फासळ्या आईने फडक्याने पुसल्या आणि क्रमांकाप्रमाणे लावून ठेवल्या.